कासवांसाठी लकी ड्रॉ : आधी तिकीटविक्री थांबवा

प्रश्न : आमच्या गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हॅचरीची (अंडी सुरक्षित ठेवून उबवायच्या जागेची) जाळी आणि रात्री किनारा राखणाऱ्या पोरांचं मानधन यासाठी आम्ही शंभर रुपयांची दोन हजार तिकिटं छापली. पहिलं बक्षीस स्कूटर. सहाशे तिकिटं खपली. आता गावातले एक निवृत्त हवालदार म्हणतात, हा गुन्हा आहे. आमचं मंडळ नोंदणीकृत नाही. काय करावं?

उत्तर : हवालदारांचं ऐका. पैसे घेऊन तिकीट दिलं आणि चिठ्ठी उचलून बक्षीस वाटलं की ती लॉटरी. मग तिला 'भाग्यवान सोडत' म्हणा नाहीतर 'कासव निधी'. शासनाची किंवा शासनाने अधिकृत केलेली नसलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नुसती जाहिरात केली तरी पाच हजारांपर्यंत दंड. तुमचा व्हॉट्सॲपवरचा स्कूटरचा फोटोही त्यात ओढला जाऊ शकतो.

१९९८ च्या लॉटरी कायद्याचं कलम ७ याहून कडक आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तिकीट विकत घेणाराही अडकतो. तो कायदा मुळात राज्यांच्या लॉटऱ्यांसाठी आहे, तुमच्यासारख्यांना लागू नाही, असा युक्तिवाद मी कोर्टात जरूर करीन. पण तो करायची वेळ कशाला आणायची? उद्देश चांगला होता हे शिक्षा कमी करायला उपयोगी पडेल, सुटायला नाही.

तिकिटावर 'वन विभागाच्या सहकार्याने' असं छापलंय, ते मला जास्त खटकलं. लेखी पत्र आहे का? नसेल तर ती ओळ लोकांची फसवणूक ठरू शकते. शिवाय हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. परवानगीशिवाय अंडी हलवणं हाच वेगळा गुन्हा. ज्या खात्याची मदत हवी, त्याचंच नाव असं वापरू नये.

आता सहाशे लोकांचे साठ हजार. स्थळप्रतीवरची नावं बघून प्रत्येकाला पैसे परत करा आणि सही घ्या. कोणी म्हणालं, 'राहू दे, कासवांना द्या,' तर तसं लिहून घ्या, तिकीट परत घ्या आणि देणगीची पावती फाडा. त्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून वर्गणीची तात्पुरती परवानगी काढा. गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी ची.

पैसा उभा करायला लिलाव करा. गावातल्या कुणी काढलेली कासवांची चित्रं, फोटो बोली लावून विकायला हरकत नाही. खऱ्या कौशल्याची स्पर्धाही चालते. बक्षीस स्पर्धांबद्दलच्या १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नशीब आणि कौशल्य यांत फरक केला आहे. मात्र 'देणगी देणाऱ्यालाच कूपन' ही युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. ती लॉटरीच, फक्त पावतीचा कागद बदललेला.

स्कूटर अजून शोरूममध्येच असेल तर आगाऊ रक्कम परत मागा. उरलेली चौदाशे तिकिटं मात्र जाळू नका. 'रद्द' असा शिक्का मारून स्थळप्रतींसकट बांधून ठेवा. उद्या पोलिसांनी विचारलं तर विक्री कुठे थांबली ते त्या गठ्ठ्यावरूनच दाखवता येईल.