बाबांना लॉटरीचा नाद गोळीमुळे लागला असेल का?

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल चालू केलं, अंगाचा ताठरपणा बराच कमी झाला, पण तेव्हापासून रोज लॉटरीची तिकिटं आणतात. आयुष्यात पत्त्यांना हात लावला नव्हता हो त्यांनी! आई म्हणते म्हातारचळ. गोळीचा संबंध असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: असू शकतो, आणि चांगलाच. ३,०९० पार्किन्सन्स पेशंट्सच्या २०१० सालच्या एका अभ्यासात, ज्यांना या जातीच्या, म्हणजे मेंदूत डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या चालू होत्या त्यांच्यात जुगार, खरेदी, खाणं, सेक्स यापैकी कशाचा तरी अनावर नाद १७ टक्क्यांना होता, बाकीच्यांत जेमतेम ७.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन हे रील्सवरचं ज्ञान जरा बाजूला ठेवा. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे सिग्नल मोजले, सुरुवातीला ज्यूसचा थेंब तोंडात पडला की पेशी जोरात पेटायच्या, मग दरवेळी ज्यूसच्या आधी दिवा लावायला लागले तर काही दिवसांनी त्या दिव्यालाच पेटायला लागल्या आणि ज्यूस आला तरी ढिम्म. आता दिवा लावून ज्यूस दिलाच नाही तर? तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी सिग्नल नेहमीपेक्षाही खाली! म्हणजे या पेशी सांगतात ते वाटलं होतं किती आणि मिळालं किती यातला फरक. सिग्नल वर गेला की मेंदू शिकतो ‘परत कर’, खाली गेला की ‘सोड, इथे काही नाही’.

आता गोळी काय करते, तर डोपामिनच्या जागी स्वतःच रिसेप्टरवर (पेशींवरच्या, डोपामिनचा निरोप घेणाऱ्या जागांवर) जाऊन बसते, दिवसभर. तिकीट फुकट गेल्यावर जो खड्डा पडायला हवा तो मग नीट पडतच नाही, असं मानतात. त्यात पार्किन्सन्समध्ये हालचालीच्या बाजूच्या पेशी आधी मरतात, बक्षिसाच्या बाजूच्या बऱ्यापैकी शाबूत असतात, त्यामुळे हातापायांना बरोबर बसलेला डोस तिकडे जास्त होतो. २००४ साली संशोधक मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या पेशंट्सना अनोळखी जपानी अक्षरांच्या जोड्या दाखवून चूक-बरोबर सांगत शिकवलं, तर डोपामिन वाढवणारं औषध घेतलेले पेशंट ‘बरोबर’वरून छान शिकले, ‘चूक’वरून कमी, आणि औषध न घेता बसलेल्यांचं उलट.

पण गोळी घरच्या घरी बंद करू नका, प्लीज! एकदम सोडली तर घाबरं होणं, डिप्रेशन असे त्रास होतात. न्यूरोलॉजिस्टना तिकिटांबद्दल स्पष्ट सांगा, ते डोस कमी करतात किंवा औषध बदलतात आणि बऱ्याच जणांचा नाद ओसरतो. बाकी कशाचा अतिरेक चाललाय का तेही बघा, पेशंट लाजेने लपवतात. तोवर बाबांच्या फोनवरची यूपीआयची लिमिट कमी करा, पण त्यांना विश्वासात घेऊन.