‘कायझेन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: कामगारांनी आपल्या कामात केलेली सुधारणा लिहून द्यायच्या मराठी पत्रकावर ‘कायझेन’ या जपानी शब्दासाठी कोणता शब्द छापावा? ‘निरंतर सुधार’, ‘सतत सुधारणा’ की ‘अखंड सुधारणा’? लिहायचं कसं, कायझेन, कैझेन की कायजेन? आणि कायझेन केला, केली की केलं?

पत्रकाच्या मथळ्यावर ‘कायझेन’च ठेवा. त्याखाली एकदा ‘कामाच्या पद्धतीतली छोटी सुधारणा’ असं स्पष्ट लिहा. ‘निरंतर सुधार’ मात्र नको.

जपानीत कायझेन हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ‘काय’ म्हणजे बदलणं, फेरदुरुस्त करणं आणि ‘झेन’ म्हणजे चांगलं. आहार, तब्येत, दोन देशांचे संबंध, काहीही पहिल्यापेक्षा बरं झालं की हाच शब्द वापरतात. शब्दशः पाहिलं तर ‘सुधारणा’ इतकाच त्याचा अर्थ, ‘सतत’ त्यात कुठेच नाही. ते आलं व्यवस्थापनाच्या परिभाषेतून. मासाआकी इमाई यांनी १९८५ मध्ये कायझेन इन्स्टिट्यूट काढली, १९८६ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि शब्द जपानबाहेर सर्वत्र पोचला. त्यांच्या मांडणीत ‘सगळ्यांनी मिळून’ आणि ‘सतत’ ही दोन्ही कलमं होती. आपण त्यातलं ‘सतत’ तेवढं उचललं आणि ‘सगळ्यांनी’ सोडून दिलं, हे जरा बोलकंच आहे. जपानमध्ये कारखान्यातला अर्थ वेगळा दाखवायचा असला, की पुष्कळदा चित्राक्षरं टाळून हा शब्द मुद्दाम काताकाना या उच्चारानुसारी जपानी लिपीत लिहितात.

यातल्या ‘झेन’चा झेन पंथाशी काही संबंध नाही. उच्चार तोच, पण अक्षर वेगळं. पंथाचं नाव संस्कृत ध्यान, पाली झान, चिनी छान (आपलं छान नव्हे) आणि जपानी झेन या वाटेनं आलं. कायझेनमधल्या झेनचं अक्षर चिनी बौद्ध भाषांतरांत ‘कुशल’साठी येतं. कल्याणमित्राला जपानी बौद्ध ‘झेनचिशिकी’ म्हणतात, त्यातलं झेन हेच. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर ध्यानस्थ भिक्षूचं चित्र टाकायची पद्धत पडली आहे, ती त्यामुळे निराधार ठरते.

आता मराठी पर्याय. ‘सुधार’ हे नाम हिंदीत सरळ चालतं, मराठीत नाम ‘सुधारणा’. ‘नागपूर सुधार प्रन्यास’, ‘बालसुधारगृह’ अशा जोडनावांत ‘सुधार’ खपून जातं. पण सुटं लिहिलं की आज्ञार्थ वाटतो, कुणीतरी कुणालातरी दटावल्यासारखा. कामगारांनी आपणहून भरायच्या पत्रकावर तो सूर बरा नव्हे. ‘अखंड’ म्हणजे अखंड हरिनाम सप्ताहातलं अखंड, मध्ये खंड पडणारच नाही असं. कायझेनची चाल तशी नसते. एक बदल करायचा, तो अंगवळणी पडू द्यायचा, मग पुढचा. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या इंग्रजी मजकुरातही सलग चालणारी नव्हे, तर पुन्हा पुन्हा केली जाणारी सुधारणा अशाच अर्थाचा शब्द वापरला आहे. त्या कलमाचं मराठी करायचं असेल, तर ‘सातत्याने सुधारणा’ बसतं. पण तो संस्थेच्या धोरणाचा शब्द झाला. फिटरनं मंगळवारी दुपारी केलेल्या एका बदलाला ‘सातत्याने सुधारणा’ कसं म्हणणार?

नुसत्या ‘सुधारणा’ची अडचण वेगळीच. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढलं, त्याच्याही आधीपासून या शब्दाला मराठीत मोठं वजन आहे. समाजसुधारणा, जमीन सुधारणा, कायद्यातली सुधारणा या सगळ्यात कुणीतरी वरून ठरवलेला मोठा बदल दिसतो. जपानीत तशा बदलाला ‘कायकाकु’ असा निराळा शब्द आहे. जुनी लाइन उखडून रोबोची नवी लाइन टाकली तर ते कायकाकु. आहे त्याच लाइनवर स्क्रूची पेटी कोपराच्या उंचीला आणली तर कायझेन. म्हणून ‘सुधारणा’ला ‘छोटी’ आणि ‘कामाच्या पद्धतीतली’ ही दोन विशेषणं जोडावी लागतात. लांब होतं, पण चुकत नाही.

‘पद्धतीतली’ यावर भर का, तेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सुपरवायझरांसाठी छोटे प्रशिक्षणवर्ग तयार केले होते, ते युद्धानंतर जपानमध्ये गेले. त्यातल्या एका वर्गाचं जपानी नाव ‘कायझेन नो शिकाता’, म्हणजे सुधारणेची रीत. पायऱ्या चार. काम बारीक बारीक तुकड्यांत मोडून लिहायचं. प्रत्येक तुकड्याला विचारायचं: हे का करतो, कशासाठी, इथेच का, आत्ताच का, यानंच का, असंच का? मग वगळता येईल ते वगळायचं, जोडता येईल ते जोडायचं, क्रम फिरवायचा, उरलेलं सोपं करायचं, आणि तेही याच ओळीनं. जे मुळात वगळायचं आहे ते सोपं करण्यात श्रम घालवू नयेत. शेवटी सगळ्यांची संमती घेऊन नवी पद्धत लागू करायची. टोयोटाची सूचना योजना १९५१ ची, फोर्डमधली योजना पाहून आल्यावर सुरू केलेली. तिचं नाव ‘सोई कुफू’, आणि कुफूला आपल्याकडे ‘युक्ती’ हा नेमका शब्द आहे. त्याला ‘जुगाड’ म्हणू नये. जुगाड वेळ मारून नेतो, तो लिहून ठेवून दुसऱ्या पाळीला शिकवत नाहीत.

आपल्याकडे ‘कायझेन’ मोजता येतं, हे भारतीय कारखान्यांचं वळण. ‘या महिन्यात माणशी दोन कायझेन द्या’ असं सुपरवायझर सर्रास म्हणतो. जपानीत जे मोजतात त्याला ‘तेइआन’ म्हणतात, म्हणजे सूचना; कायझेन ही त्यामागची कृती. आपण कृतीचं नाव कागदाला दिलं. चूक म्हणायचं कारण नाही, भाषेत असं होतं. पण कागद भरला की कायझेन झालं, हा समज यातूनच पसरतो.

म्हणून पत्रकाची भाषा मथळ्याइतकीच महत्त्वाची. समजा, लेथवरचा ऑपरेटर प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) आणायला ६ मीटरवरच्या टेबलाकडे जातो, पाळीत ४० वेळा. जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे पाळीत ४८० मीटर. एका खेपेला १० सेकंद धरले तर ४०० सेकंद, पावणेसात मिनिटांना थोडे कमी. गेज मशीनच्या उजव्या हाताला, त्याच्याच आकाराची रेषा रंगवलेल्या शॅडो बोर्डवर टांगलं. पत्रकावर हे बहुधा असं उतरतं: ‘गेजच्या उपलब्धतेबाबत सुधारणा करण्यात आली.’ यातून दुसऱ्या खात्याला काही करता येत नाही. ‘प्लग गेज टेबलावरून काढून मशीनशेजारी टांगलं, पाळीतलं ४८० मीटर चालणं बंद’ असं लिहिलं की पत्रकावरचा ‘हॉरिझॉन्टल डिप्लॉयमेंट’चा रकाना आपोआप भरता येतो. (जपानीत याला ‘योकोतेन’ म्हणतात, मराठीत ‘इतरत्र लागू’ पुरे.) मात्र ते गेज टेबलावर का होतं, हे आधी विचारायला हवं. तीन मशीनना मिळून एकच गेज असेल, तर एकाचं चालणं थांबून बाकी दोघांचं वाढतं आणि हे पत्रकात कुठेच दिसत नाही.

दुसरा घोळ ‘बचत’ या शब्दाचा. त्या ४०० सेकंदांना तासाचा दर आणि वर्षाचे दिवस लावून रुपये काढतात. त्या वेळात जादा जॉब निघाला किंवा ओव्हरटाइम कमी झाला, तरच ती बचत. नाहीतर ‘वेळ मोकळा झाला’ असं लिहावं. रकान्याचं नाव ‘बचत’ऐवजी ‘फायदा’ ठेवलं, तर ‘पाठ वाकवावी लागत नाही’ हेसुद्धा लोक मोकळेपणानं लिहितात. ते लिहिलं जायलाच हवं.

तिसरा ‘का-का’चा, म्हणजे व्हाय-व्हायचा रकाना. वॉशर बसवायचा का राहिला? ऑपरेटर विसरला. का विसरला? लक्ष नव्हतं. उपाय: ‘सक्त ताकीद देण्यात आली.’ इथे ‘का’ माणसापाशी येऊन थांबला, पद्धतीपर्यंत गेलाच नाही. प्रश्नाचा कर्ता बदलून पाहा: वॉशर राहिलेला जॉब पुढे कसा गेला? मग उत्तर सापडतं. एका जॉबला चार वॉशर लागतात, तर आधी चार मोजून वाटीत घ्यायचे. जॉब झाल्यावर वाटीत एक उरला की कुठेतरी राहिला. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिन्गो यांच्या गाजलेल्या उदाहरणात अशाच दोन स्प्रिंगा आहेत. या तऱ्हेच्या उपायाला आधी ‘बाकायोके’ म्हणत. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. कामगाराला ते लागतं म्हणून शिन्गोंनी ‘पोकायोके’ केलं. पोका म्हणजे नजरचूक. तेव्हा मराठीत ‘मूर्खरोधक’ भाषांतर करणं म्हणजे त्यांनी पुसलेलं पुन्हा लिहिणं. ‘चूकरोधक’ बरं.

‘स्टँडर्ड’साठी ‘दर्जा’ वापरू नका. दर्जा मालाचा असतो. इथे हवी ती ‘ठरलेली पद्धत’ किंवा कागदोपत्री ‘प्रमाणित कार्यपद्धती’. गेज मशीनशेजारी टांगून पद्धतीचा कागद जुनाच ठेवला, तर नवा माणूस कामावर आल्यावर गेज परत टेबलावर जातं. पत्रकात शेवटी ‘पद्धतीचा कागद बदलला का? तारीख’ हा रकाना असावा.

प्रश्नात नव्हतं, पण कारखान्यातल्या फलकांवर असतं म्हणून ५एसचंही, म्हणजे कामाची जागा नीट ठेवण्याच्या पाच जपानी शब्दांचंही सांगतो: सेइरी, सेइतोन (जागच्या जागी ठेवणं), सेइसो (साफसफाई), सेइकेत्सु (ती स्वच्छता टिकवणं), शित्सुके. पहिल्याला ‘वर्गीकरण’ लिहितात आणि मग लोक भंगाराचंही वर्गीकरण करून, लेबल लावून जपून ठेवतात. सेइरी म्हणजे नको ते बाहेर काढणं. मराठीत ‘निवडणं’ त्याला चपखल आहे. तांदूळ निवडताना खडे फेकायचे असतात, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाचव्याला ‘शिस्त’ म्हणतात, त्यात पोलिसी वास येतो. शित्सुके हा मुलांना रीतभात लावण्याचा शब्द. त्याचं अक्षर ‘शरीर’ आणि ‘सुंदर’ जोडून जपानमध्येच घडवलेलं आहे. आपल्याकडे याला सरळ ‘वळण’ म्हणतात. वळण लावावं लागतं, आणि लावणाऱ्यानं ते आधी स्वतः पाळावं लागतं.

लेखनाचं. जपानीत ‘का’ आणि ‘इ’ असे दोन ठोके आहेत, म्हणून ‘कै’पेक्षा ‘काय’ जवळचं. ‘जे’ लिहिलं की ‘जेवण’मधला ज उच्चारला जातो, म्हणून ‘झे’. जपानी त आणि द दंत्य आहेत, तेव्हा ‘मुदा’ (वाया जाणारं काम), ‘जिदोका’ (दोष दिसताच मशीननं आपोआप थांबणं). इंग्रजीवरून आलेले ‘मुडा’, ‘जिडोका’ सोडून द्यावेत. ‘गेन्बा’ की ‘गेम्बा’ (प्रत्यक्ष कामाची जागा) हा वाद रोमन लिपीतल्यांचा. आपण ‘गेंबा’ लिहिलं की अनुस्वार ब आधी आपोआप म होतो.

लिंगाबाबत तिन्ही ऐकू येतात. ‘सुधारणा’ मनात धरणारे ‘केली’ म्हणतात, ‘उपाय’ धरणारे ‘केला’. नपुंसकलिंग सगळ्यात सोयीचं: एक कायझेन केलं, तीन कायझेन झाली. सामान्यरूप करायची गरज नाही, प्रत्यय थेट लावावा: कायझेनचा फायदा, कायझेनमध्ये, कायझेनसाठी. ‘कायझेने’ असं अनेकवचन करू नये, वाचणारा त्याला तृतीया समजतो.