इलेक्ट्रोड मेले, असं कोण म्हणतं?

प्रश्न : मी फोंड्याची, सध्या बंगळूरला प्रयोगशाळेत शिकते. मेंदूतल्या पेशींचे विद्युत संकेत टिपायला उंदराच्या मेंदूत टंगस्टन धातूच्या 16 तारा (इलेक्ट्रोड) बसवल्या आहेत, प्रत्येक 50 मायक्रॉन जाडीची. बसवण्याआधी सलाईनमध्ये इम्पिडन्स (एसी करंटला होणारा रोध) 150 किलो-ओहमच्या आसपास होता. दहाव्या दिवशी बहुतेक तारा 400-500 वर गेल्या, दोन 5 मेगा-ओहमच्या वर, आणि एक चक्क 8 किलो-ओहमवर. सीनिअर म्हणतात, इलेक्ट्रोड मेले. उंदीर बाद करायचा का? मल्टिमीटरने तपासू?

उत्तर : मल्टिमीटर आधी खाली ठेव गो बाय! तो डीसी करंट सोडतो. टोकाशी पाण्याचं विघटन होतं, आजूबाजूच्या पेशी दुखावतात, धातूही झिजतो. मोजायचं ते 1 किलोहर्ट्झच्या एसीवर, नॅनोअँपिअरमध्ये. पेशीचा स्पाइक (क्षणिक विद्युत ठोका) साधारण 1 मिलिसेकंदाचा, म्हणून ही फ्रिक्वेन्सी. ती बदललीस तर आकडेही बदलतील, मग कालच्याशी तुलना करता येणार नाही.

मी वास्कोत जहाजांचे रेडिओ दुरुस्त करण्यात उमर घालवली. एप्रिलात चिऱ्याची जमीन सुकली की अर्थिंगचा रोध चढायचा; खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं की उतरायचा. तुझ्या 400-500 वाल्या तारांचं थोडं तसंच, फक्त तिथं पाणी ओतायची सोय नाही. टोकावर आधी प्रथिनं चिकटतात, मग मायक्रोग्लिया (मेंदूच्या संरक्षक पेशी) जमतात, अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशी कुंपण घालतात, आणि करंट वाहून नेणाऱ्या आयनांची वाट अरुंद होते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत आकडा चढतो, पुढं बहुधा स्थिरावतो. त्या तारांवर स्पाइक दिसत असतील तर सीनिअरना म्हणावं, जरा धीर धरा.

5 मेगा-ओहम मात्र पेशींचं काम नाही. तार तुटली असेल, सोल्डर सुटलं असेल किंवा कनेक्टरची पिन बसली नसेल. तार बहुतेकदा कवटीवर तिला घट्ट धरणाऱ्या डेंटल सिमेंटच्या कडेला मोडते.

8 किलो-ओहम बघून खूश होऊ नकोस. एक तर इन्सुलेशन सोललंय, नाही तर पिनांमध्ये ओल किंवा सुकलेलं रक्त आहे. पावसाळ्यात खाऱ्या हवेनं असे खोटे आकडे मी कितीदा पाहिलेत! आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं कनेक्टर पूस (जखमेवर थेंबही नको), पूर्ण सुकू दे, मग परत मोज. तरीही 8 च आला तर ती एक तार सोड, उंदीर नव्हे.

आणि त्या 5 मेगा-ओहमवाल्या दोघींच्या पिना शेजारी-शेजारी आहेत का, ते कळव. असतील तर मला कनेक्टरचाच संशय आहे.