नाव नसलेल्या ताऱ्यांची मुलं

प्रश्न : ताई, अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या मुख्यालयात संगमरवरी भिंतीवर कामी आलेल्या प्रत्येकासाठी एक तारा कोरलाय आणि काही ताऱ्यांची नावं अजूनही गुप्त आहेत, असं वाचलं. त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे म्हणे. पण नावच सांगायचं नाही, तर अर्ज कसा भरणार? (अकरावीतला एक वाचक)

उत्तर : तुझं पत्र वाचून मी सरसावून बसले. माझी सगळी नोकरी शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. अर्ज हातात आला की नजर आधी दोन गोष्टींवर जायची : पालकाचा व्यवसाय आणि मागे टाचलेले दाखले. दाखला नाही, तर अर्ज बाजूला. आता या दोन्ही ठिकाणी खरं लिहायचीच मनाई असेल तर काय, असं तू विचारतोयस.

आधी भिंतीचं सांगते. लँगली इथल्या मुख्यालयात ती 1974 मध्ये झाली, तेव्हा तिच्यावर 31 तारे होते. 2023 पर्यंत ते 140 झाले. भिंतीवर नाव कुणाचंच नाही. नावं आहेत ती तिच्याजवळ काचेखाली ठेवलेल्या वहीत, सालवार. तीसहून अधिक ठिकाणी नुसता तारा काढलेला आणि पुढची जागा कोरी.

पहिला तारा डग्लस मॅकिअर्नन यांचा. एप्रिल 1950 मध्ये ते चीनमधून निसटून तिबेटच्या सीमेपर्यंत पोचले आणि तिथल्या पहारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. यांना येऊ द्या, असा ल्हासाचा निरोप चौकीवर वेळेत पोचलाच नव्हता. जगाच्या लेखी ते परराष्ट्र खात्याचे उपवाणिज्यदूत. मागे बायको आणि लहान जुळी मुलं. वहीत त्यांचं नाव चढायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला, तोवर त्या जुळ्यांची शाळा-कॉलेजं कधीच आटोपली होती. वडिलांचा व्यवसाय विचारणाऱ्या प्रत्येक कागदावर घरच्यांनी काय लिहायचं? परराष्ट्र खातं. ते खोटंही नाही आणि पुरतं खरंही नाही.

म्हणून अशा शिष्यवृत्तीत नेहमीची रीत उलटी करावी लागते. एरवी कुटुंबानं सिद्ध करायचं आणि कारकुनानं तपासायचं. इथे कुटुंबाकडे सिद्ध करण्याजोगा कागदच नसतो. कधी कधी तर मुलांनाच पुरतं ठाऊक नसतं की वडील कुठे आणि कशापायी गेले. तेव्हा ज्या संस्थेला खरं माहीत आहे तिनंच शिष्यवृत्ती देणाऱ्या निधीला कळवायला हवं : अमुक घर आमचं आहे, पुढचं विचारू नका. निधीची माणसंही तशी हवीत. यादी छापणार नाहीत, धनादेश हातात देतानाचा फोटो काढणार नाहीत, देणगीदारानं ‘माझे पैसे कुणाला गेले?’ म्हटलं तर हसून चहा पुढे करतील. आमच्याकडे देणगीदारांना फोटोची भारी हौस असायची, त्यामुळे हे किती अवघड आहे ते मला कळतं.

कॉलेजला काय सांगायचं, हा पेच त्यामानानं सोपा. फी निधीकडून येते, एवढं फीच्या खिडकीला पुरतं.

प्रश्न : सरकारी नोकरीत माणूस गेला की पेन्शन मिळतेच. मग खासगी निधी कशाला? हा दानशूरपणाचा देखावा नाही का? (एक वाचक)

उत्तर : देखावा असता तर वर सांगितलेला फोटो निघाला असता. पण तुमच्या शंकेत तथ्य आहे. जे सरकारचं देणं आहे ते वर्गणीतून भागवू नये, असं माझंही मत आहे. अडचण अशी, की सरकारी नियम ठरावीक कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात आणि त्या साच्यात न बसणारं घर बाहेर राहतं.

ग्लेन डोहर्टी यांचंच घ्या. सप्टेंबर 2012 मध्ये लिबियात बेनगाझी इथल्या हल्ल्यात ते मारले गेले. नौदलाचे माजी कमांडो, सीआयएसाठी कंत्राटावर सुरक्षेचं काम करायचे. घटस्फोट झालेला, मूल नाही. परदेशात अशा कामावर माणूस पाठवणाऱ्या कंत्राटदाराला 1941 च्या एका कायद्यानं विमा सक्तीचा आहे, पण त्याची भरपाई जोडीदाराला, मुलांना किंवा पैशानं अवलंबून असलेल्यांनाच. यांतलं कुणीच नसेल तर अंत्यविधीचा खर्च, जास्तीत जास्त 3,000 डॉलर. त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर 2016 मध्ये सीआयएनं दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्यांच्या वारसांसाठी 4 लाख डॉलरची तरतूद केली, कंत्राटी माणसांनाही धरून. आणि ती लागू केली 18 एप्रिल 1983 पासून, म्हणजे बैरुतच्या अमेरिकी दूतावासावरच्या स्फोटाच्या तारखेपासून. तेहतीस वर्षं मागे जाऊन! मागची तारीख धरून लाभ देताना हिशेबखात्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय, म्हणून या निर्णयाचं मोल मला जास्त वाटतं.

आता खासगी निधीबद्दल. 25 नोव्हेंबर 2001 ला अफगाणिस्तानात मझार-ए-शरीफजवळच्या किल्ल्यात कैद्यांनी उठाव केला, त्यात सीआयएचे माइक स्पॅन मारले गेले. वय 32. मागे तीन मुलं, त्यांतलं धाकटं तान्हं. पुढच्याच महिन्यात सीआयए ऑफिसर्स मेमोरियल फाउंडेशन स्थापन झालं. कामी आलेल्यांच्या मुलांना आणि जोडीदारांना शिक्षणासाठी मदत करणारी ही खासगी संस्था.

या तान्ह्या बाळाकडे पाहा, म्हणजे निधी कशाला ते कळेल. ते कॉलेजच्या दारात येणार सतरा-अठरा वर्षांनी. दुर्घटनेच्या आठवड्यात लोक भरभरून देतात. पुढे कुणाच्या लक्षात राहतं? तोवर वर्गणी संपते, मूळ माणसं निवृत्त होतात, फी मात्र वाढत राहते. 30 डिसेंबर 2009 ला अफगाणिस्तानातल्याच खोस्तच्या तळावर एका बॉम्बस्फोटात सीआयएची सात माणसं एकदम गेली. एका दिवसात सात घरांचा भार. त्यामुळे अशा संस्थेनं मुद्दलाला हात न लावता व्याजावर चालायला हवं आणि आज जन्मलेल्या मुलाची फी आजच हिशेबात धरायला हवी.

प्रश्न : अशा शिष्यवृत्तीला गुणांची अट असावी का? आमच्या मंडळात यावरून वाद झाला. (एक वाचक)

उत्तर : नसावी. गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या असतात आणि हुशार मुलाला त्या मिळतातच. इथे ज्या पालकानं फी भरली असती तो आता नाही, आणि त्यानं काही टक्केवारी बघून फी भरली नसती. बारावीच्या वर्षी बाप गेलेलं पोर नापास झालं तर अर्ज बाद करायचा? माझ्या टेबलावर अशी मुलं यायची. पुढच्या वर्षी ती नीट पास व्हायची, पण नियमात ‘सलग’ असा शब्द असे आणि माझा पेन तिथे अडे. तुमच्या नियमावलीत तो शब्द असेल तर आधी तो खोडा.

एक-दोन वर्षांचा खंड चालवून घ्या, विषय बदलला तरी मदत थांबवू नका, आणि पदवीचाच हट्ट नको, तंत्रशिक्षणही धरा. वयाची अट मुलांसाठी ठेवायची तर ठेवा, जोडीदारासाठी नको. बदल्यांपायी स्वतःची नोकरी सोडलेली बाई चाळिशीत पुन्हा शिकायला बसते, तेव्हा तिच्या फीवर अख्खं घर उभं राहायचं असतं. तिचा अर्ज मुलांच्या अर्जाच्या आधी मंजूर करा.