१२ नोव्हेंबरचा दिनविशेष: सतरा नावं नकोत, एक खोपा पुरे

ताई, तुमची लेक पाचवीत आहे, परिपाठात १२ नोव्हेंबरचा दिनविशेष तिच्या वाट्याला आलाय, वेळ दोन मिनिटं, आणि नेटवरून मिळालेली सतरा नावांची यादी पाठ करताना ती रडकुंडीला आलीय. काय ठेवायचं, काय गाळायचं, असं तुम्ही विचारलंय. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं परिपाठ माझ्याच गळ्यात होता. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी ती यादी बाजूला ठेवा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाल्यावर एखादं पोर पुढे येतं आणि "अमुक साली तमुक यांचा जन्म, तमुक साली अमुक यांचा मृत्यू" असं एका दमात म्हणून जागेवर जातं. उन्हात उभ्या असलेल्या पोरांच्या कानात त्यातलं काही शिरत नाही. मी स्वतः कित्येक वर्षं हेच करून घेतलं, म्हणून सांगते. दोन मिनिटांत एकच माणूस किंवा एकच प्रसंग सांगावा, तोही असा की मधल्या सुट्टीत एखादं पोर येऊन विचारेल, "मग पुढे काय झालं?"

तुमचं नशीब असं की १२ नोव्हेंबर हा दिवस मुलांसाठी फार भरलेला आहे. माझी पसंती डोळे मिटून सालीम अलींना. १८९६ साली याच तारखेला मुंबईत जन्म. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. तो मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाला सुरू होतो आणि सालीम अलींच्या वाढदिवसाला संपतो, त्यामुळे शाळेलाही विषय आयता मिळतो.

पण "थोर पक्षितज्ज्ञ, पद्मविभूषण" अशी सुरुवात करू नका. चिमणीपासून करा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. दहा-बारा वर्षांचा असताना खेळण्यातल्या छर्‍याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन बघतो तर गळ्यावर पिवळा ठिपका! घरात वावरणाऱ्या चिमणीला असा ठिपका नसतो. मामा अमीरुद्दीन तय्यबजी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी पोराला तिथे धाडलं. मेलेली चिमणी घेऊन, घाबरत घाबरत तो पोरगा मिलार्ड नावाच्या इंग्रज साहेबापुढे उभा राहिला. साहेब रागावला नाही, हसला नाही. त्याने चिमणीची जात सांगितली आणि मग कपाटाचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवत बसला. पुढचं सगळं आयुष्य त्या खणांतून बाहेर आलं, असं म्हणायला हरकत नाही.

बंदूक गाळू नका हं. काही पालकांना वाटतं की पक्ष्यांच्या माणसाने पक्षी मारला हे मुलांना कसं सांगायचं. उलट मुलांना तेच पटतं. गलोल घेऊन हिंडणारी पोरं आमच्या वर्गात असायची आणि या गोष्टीला सगळ्यांत गप्प तीच बसायची.

आता खोप्याकडे येते. दिनविशेषात हे कुणी सांगत नाही, पण खरी गंमत इथेच आहे. १९३० च्या सुमारास सालीम अली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परत आले तेव्हा हातात नोकरी नव्हती. मग ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बिनकामाचा माणूस दिवसच्या दिवस ते खोपे बघत बसला आणि जे दिसलं ते लिहीत गेला. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की थांबतो. त्या वेळी खोपा उलट्या टांगलेल्या टोपीसारखा दिसतो, मधे गवताची एक आडवी पट्टी, खाली दोन तोंडं उघडी. मग नर पंख फडफडवून बोलावतो आणि मादी घर बघायला येते. आत शिरते, चोचीने ओढून बघते. पसंत पडलं तर राहते, आणि मग नर एक तोंड बंद करून दुसऱ्याला लांब बोळ विणतो. नापसंत झालं तर तो अर्धा खोपा तसाच लटकत राहतो. एक घर लागलं की हा गडी शेजारी दुसरं घर विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीचा संसार असा चालतो हे सालीम अलींनी १९३१ साली छापून जगाला सांगितलं.

हे सांगितलं की बहिणाबाईंची खोप्याची कविता पाठ असलेलं एक तरी पोर हात वर करतंच: "बाई, पण खोपा तर सुगरण बांधते ना?" या प्रश्नाला घाबरू नका. बहिणाबाईंनी आईची माया बघितली, सालीम अलींनी विणणारा कोण ते बघितलं, एवढं सांगितलं की पुरतं. माझ्या वर्गात यावरून मुलामुलींची जुंपली होती. शेवटी एक मुलगी म्हणाली, "म्हणजे घर तो बांधणार आणि पास-नापास ती करणार." त्यावर मला जास्त काही शिकवायचं उरलं नाही.

बाकीची नावं वाईट आहेत असं नाही. तुमच्या लेकीला पक्ष्यांत रस नसेल तर काय, म्हणून आणखी तीन-चार पर्याय देते.

खेळाडू मुलगी असेल तर नादिया कोमानेची. रुमानियाची जिम्नॅस्ट, जन्म १२ नोव्हेंबर १९६१. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ती चौदा वर्षांची होती. दोन उंच-सखल दांड्यांवरची कसरत संपवून ती उतरली आणि गुणफलकावर आकडा झळकला: १.००. प्रेक्षक चक्रावले. दहापैकी एक? झालं असं होतं की दहापैकी दहा कुणाला मिळतील असं धरलंच नव्हतं, त्यामुळे फलकावर १०.०० दाखवायची सोयच नव्हती. त्या ऑलिंपिकमध्ये तिने असे पूर्ण दहा एकदा नाही, सात वेळा मिळवले. पाचवी-सहावीच्या पोरांना ही गोष्ट इतकी आवडते की सांगणारीने फळ्यावर नुसतं १.०० लिहून "हे किती?" असं विचारलं तरी सभा जिंकते.

आकाशाची आवड असेल तर फिली. २०१४ साली याच तारखेला युरोपच्या रोझेटा यानाने फिली नावाची कपडे धुण्याच्या यंत्राएवढी पेटी एका धूमकेतूवर उतरवली. धूमकेतूवर अलगद उतरण्याची ही पहिलीच खेप. रोझेटा त्यासाठी दहा वर्षं प्रवास करत होतं. पेटीचं वजन पृथ्वीवर शंभर किलो, पण धूमकेतूची ओढ इतकी क्षीण की तिथे ती कागदाच्या कपट्याएवढी हलकी. जमिनीत रुतून बसायचे भाले सुटलेच नाहीत आणि पेटी टेकली ती चेंडूसारखी उसळली. ती पहिली उडी जवळपास दोन तास चालली! मग आणखी एकदा उसळून कुठल्याशा कड्याच्या सावलीत जाऊन पडली. ऊन नाही म्हणून बॅटरी भरेना. तरी अडीच दिवस ती माहिती पाठवत राहिली आणि मग झोपली. नेमकी कुठे पडलीय ते फोटोत सापडलं २०१६ साली. "दोन तासांची उडी" एवढेच शब्द पुरेत, मुलं पुढचं स्वतः विचारतात. याच तारखेला १९८० मध्ये व्हॉयेजर-१ शनीच्या सगळ्यांत जवळून गेलं होतं, हेही जाता जाता जोडता येईल. पण एकाच दिवशी दोन यानं नकोत, गोंधळ होतो.

सेनापती बापटांचा जन्मही याच दिवसाचा, १८८०, पारनेर. नगरकडची किंवा पुण्याची शाळा असेल तर हेच घ्या, कारण पुण्यात आणि मुंबईतही त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि मुलं रोज तिथून जातात. मुलांचा प्रश्न ठरलेला: "ते सैन्यात होते का?" नव्हते. त्यांचं नाव पांडुरंग महादेव बापट. मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशीला धरण होणार होतं, त्यात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्ध जो सत्याग्रह झाला त्याचे ते पुढारी, तिथून लोक त्यांना सेनापती म्हणायला लागले. बॉम्बची विद्या वगैरे भाग मोठ्या मुलांसाठी ठेवा. लपवायचा म्हणून नाही, दोन मिनिटांत तो मावत नाही म्हणून.

इथे माझी एक फजिती सांगते. बापट जन्मले १२ नोव्हेंबरला आणि गेले २८ नोव्हेंबरला, १९६७ साली. महिना एकच. कुठल्याशा यादीवरून उतरवताना माझी ओळ चुकली आणि बाराला मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात "पुण्यतिथी" लिहिलं. हार घातला, दोन मिनिटं शांतता पाळली. दुसऱ्या दिवशी सातवीतला एक मुलगा आजोबांचं जुनं पुस्तक घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "बाई, काल त्यांचा वाढदिवस होता." तेव्हापासून माझा नियम: यादीत दिसलेली तारीख विश्वकोशात किंवा छापील चरित्रात एकदा बघितल्याशिवाय फळ्यावर जात नाही. व्हॉट्सअॅपवर दिनविशेषाच्या ज्या याद्या फिरतात त्या एकीवरून दुसरी उतरवलेल्या असतात, त्यामुळे दहा ठिकाणी दिसली म्हणून तारीख बरोबर ठरत नाही.

गांधीजींचा एक प्रसंगही याच दिवसाचा आहे. १२ नोव्हेंबर १९४७ ला ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले, स्टुडिओत जाण्याची त्यांची ती एकमेव वेळ. फाळणीत घरदार सोडून आलेले हजारो लोक कुरुक्षेत्राच्या छावणीत होते, तिथे जाणं जमेना म्हणून रेडिओवरून बोलले. त्या दिवशी दिवाळी होती. म्हणून आज हा लोकसेवा प्रसारण दिन.

यातून एक वेगळाच खेळ निघतो. मुलं विचारतात, "तेव्हा १२ नोव्हेंबरला दिवाळी, मग यंदा का नाही?" तारीख सूर्याची, तिथी चंद्राची, दोघांची चाल वेगळी, म्हणून दिवाळी पुढेमागे होते. पण साधारण दर एकोणीस वर्षांनी दोघं पुन्हा गाठ घेतात. १९४७ मध्ये एकोणीस मिळवत जा: १९६६, १९८५, २००४, २०२३. आठवतंय ना, २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरलाच होतं! तुमच्या लेकीला सांगा, तिच्या एकोणिसाव्या वाढदिवशी तारीख आणि तिथी पुन्हा एकत्र येतील, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. घरात आजी असेल तर पंचांग काढून ताडून बघा.

बोलायचं कसं, तेही विचारलंत. मी असं लिहून दिलं असतं:

"माझ्या हातात काय आहे? खोपा. हा कुणी विणला? नर सुगरणीने. हे आपल्याला कुणी सांगितलं? एका माणसाने, ज्याचा आज वाढदिवस. लहानपणी त्याने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे त्याला कळेना. म्हणून तो विचारायला गेला, आणि मग जन्मभर पक्ष्यांनाच विचारत राहिला. त्यांचं नाव सालीम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. आज घरी जाताना विहिरीवरच्या बाभळीकडे बघा. अर्धवट खोपा दिसला तर समजा, सुगरणीला घर पसंत पडलं नव्हतं."

मिनिटभरात होतं. साल आणि तारीख मुद्दाम शेवटाकडे टाकलीय. सुरुवातीला टाकली की पोरं कान मिटतात. पाठ करून घेऊ नका, तिच्या शब्दांत येऊ द्या. "वाढदिवस"च म्हणू दे, "जयंती" नको, पाचवीच्या तोंडी वाढदिवस शोभतो. शहरात असाल तर बाभळीऐवजी ताड, शिंदी, जे आसपास असेल ते घाला.

खोपा कुठून आणायचा, तर झाडावरचा तोडू नका. सुगरणीचा विणीचा हंगाम पावसाळ्यात, त्यामुळे नोव्हेंबरात बहुतेक खोपे रिकामे असतात आणि वाऱ्याने खाली पडतात. असा एखादा मिळाला तर आत बोट घालून बघा, चिखलाचे वाळलेले गोळे लागतील. नाहीच मिळाला तर गवताची चार लांब पाती द्या आणि लेकीला आदल्या रात्री, हात न वापरता, दोन पेन्सिलींच्या टोकांनी त्यांना एक गाठ मारायला सांगा. सुगरणीचा नर ते चोचीने करतो. गाठ जमली नाही तरी ती पाती तशीच घेऊन उभी राहू दे.

आणि हो, वर्गात कुणाचा वाढदिवस बाराला असेल तर सालीम अलींच्या आधी त्याचं नाव घ्यायला सांगा.