गरीब वस्तीत हृदयविकाराबद्दल जनजागृती करायची असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय: 'आम्ही सहा जण मिळून एका गरीब वस्तीत हृदयविकाराबद्दल जनजागृती करणार आहोत. एक दिवसाचं मोफत तपासणी शिबिर, एका तज्ज्ञ डॉक्टरांचं व्याख्यान आणि घरोघरी पत्रकं, असा बेत आहे. आमच्यात कुणी डॉक्टर नाही. एवढं पुरेल का?'

एवढंच केलंत तर नाही पुरणार. मी नर्स आहे आणि गेली अकरा वर्षं अशाच वस्त्यांमधून बीपी, मधुमेह आणि हृदयविकाराचं काम करते आहे. तुमच्या बेतात जे आहे ते सगळं मी करून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या पहिल्या शिबिरात एका दिवसात दोनशेच्या वर लोकांचा बीपी मोजला. प्रत्येकाला आकडा लिहिलेली चिठ्ठी दिली, जास्त असेल त्याला 'डॉक्टरांना दाखवा' असं सांगितलं आणि संध्याकाळी मांडव उतरवला. चार महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी त्या वस्तीत गेले, तेव्हा एका बाईंनी मला ओळखलं. आत जाऊन त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी आणली. घरातले सगळे महत्त्वाचे कागद तीत होते आणि त्यांतच घडी करून ठेवलेली आमची चिठ्ठी. आकडा होता १७८/१०४. 'जपून ठेवलीय बघा ताई,' म्हणाल्या. तपासणी झाली, नोंद झाली, म्हणजे आपलं काम झालं असंच त्यांना वाटलं होतं. त्या चार महिन्यांत त्यांना काहीच त्रास झाला नव्हता, मग दवाखान्यात जायचं कशाला? चूक सर्वस्वी आमची होती. आम्ही आकडा दिला आणि निघून गेलो.

त्या दिवसापासून माझा नियम ठरला: ज्या वस्तीत पुढच्या महिन्यात परत येणं जमणार नाही, तिथे बीपीचं मशीन उघडायचं नाही. तुमच्यासाठीही माझं मुख्य सांगणं हेच आहे. शिबिराचा एक दिवस रद्द करा आणि तीच ताकद वर्षभराच्या बारा छोट्या फेऱ्यांत वाटा.

ही अडचण फक्त आपल्या कामाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १४० कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचं माहीतच नाही, आणि ज्यांचा बीपी आटोक्यात आहे असे पाचांत एखादेच. म्हणजे माणसं तीन ठिकाणी गळतात: कळण्याआधी, कळल्यावर उपचार सुरू होण्याआधी, आणि सुरू झालेली गोळी मध्येच सुटल्यावर. व्याख्यान यांतल्या एकाही गळतीला नीट पुरत नाही. तंबाखू वाईट, मीठ कमी खावं, चिंता करू नये, हे माहीत नाही असा माणूस मला वस्तीत अजून भेटलेला नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मला लॉस एंजेलिसच्या एका अभ्यासात सापडला. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला, डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी तो केला होता. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांत उच्च रक्तदाबाचं प्रमाण मोठं, आणि दवाखान्याशी त्यांचा संबंध कमी. पण केस कापायला ते ठरावीक न्हाव्याकडे वर्षानुवर्षं जातात, त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात. म्हणून ५२ केशकर्तनालयांमधले ३१९ पुरुष निवडले. अर्ध्या दुकानांत न्हाव्यांनी गिऱ्हाइकांना राहणीमान सुधारायला आणि डॉक्टरांकडे जायला सांगायचं, एवढंच. उरलेल्या दुकानांत प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः येत, तिथेच बीपी मोजत, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीनुसार औषध सुरू करत आणि पुढे ते कमीजास्तही करत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी ९ने उतरला होता, दुसऱ्या गटाचा २७ने. न्हावी दोन्हीकडे तेवढेच विश्वासाचे होते. फरक पडला तो उपचार खुर्चीपर्यंत आल्यामुळे.

तुमच्याकडे फार्मासिस्ट नसेल, डॉक्टरही नाही. मग बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण भागांत झालेला अभ्यास बघा, तो २०२० साली आला. तिथल्या सरकारी आरोग्य सेविकांना शिकवून दर तीन महिन्यांनी घरी पाठवलं. त्या बीपी मोजत, घरच्यांशी बोलत आणि ज्याला गरज आहे त्याला सरकारी दवाखान्यात पाठवत. तिथल्या डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिलेलं होतं. दोन वर्षांनी इतर गावांपेक्षा इथल्या उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ५ने जास्त उतरलेला होता. पाच हा आकडा छोटा वाटेल, पण इतक्या लोकांचा बीपी एवढा खाली येतो तेव्हा पक्षाघात आणि हृदयविकाराच्या घटना खरोखर कमी होतात. हे काम करणाऱ्या बाया काही डॉक्टर नव्हत्या. तेव्हा 'आमच्यात डॉक्टर नाही' याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

पण दवाखाना मात्र हवाच. वस्तीत पाऊल टाकण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तीन गोष्टी विचारून या: बीपीच्या गोळ्या नियमित मिळतात का, एका वेळी किती दिवसांच्या देतात, आणि आम्ही पाठवलेल्या माणसाला कुठल्या वारी, किती वाजता बघाल. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रोजंदारीवरचा माणूस सकाळी दहाच्या रांगेत उभा राहिला की त्याचा दिवसाचा रोज बुडतो. एका वर्षी दवाखान्याच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यायचं कबूल केलं, आणि पाठवलेल्यांपैकी पोहोचणाऱ्यांची संख्या आमच्या डोळ्यांदेखत वाढली.

मग वस्तीतली माणसं शोधा. पदाधिकारी नकोत. ज्यांच्या दारात लोक कारण नसताना येऊन बसतात अशी दोन-तीन माणसं प्रत्येक वस्तीत असतात. त्यांना मोजायला शिकवा आणि मशीन त्यांच्याकडेच ठेवा. १९७२ साली फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात जे काम सुरू झालं, ते याच जोरावर उभं राहिलं. तिथल्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक होतं आणि लोकांनीच सरकारकडे मदतीची मागणी केली होती. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरने गृहिणींच्या संघटनेपासून गावागावांतल्या मानाच्या माणसांपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं. पुढच्या साडेतीन-चार दशकांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. ती गावं आपल्या वस्त्यांसारखी नव्हती, शिवाय त्यांच्यामागे सरकार आणि कायदे होते, हे मला मान्य आहे. तरीही शेजारणीने सांगितलेलं शेजारीण ऐकते, हे सगळीकडे सारखंच.

आता मोजण्याबद्दल. इथे घाई झाली की पुढचं सगळं चुकतं. माणूस आल्या आल्या पट्टा बांधू नका. पाच मिनिटं निवांत बसू द्या, पाठीला टेका, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. अर्ध्या तासात चहा, बिडी किंवा तंबाखू झाली असेल तर थांबा. लघवीला जायचं असेल तर आधी जाऊ द्या. सांगायला लाजतात, म्हणून तुम्हीच विचारा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यात आकडा उगाच जास्त येतो. मोजताना बोलायचं नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. आणि एका दिवसाच्या आकड्यावर कुणालाही 'तुम्हाला बीपी आहे' म्हणू नका. वेगवेगळ्या दोन दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर आला, तर दवाखान्यात पाठवा. १८०/१२०च्या वर असेल आणि जोडीला छातीत दुखणं, धाप, दिसण्यात किंवा बोलण्यात फरक असं काही असेल, तर त्याच क्षणी न्या, सोबत जाऊन.

ती निवांत बसण्याची पाच मिनिटं हाच तुमचा खरा वर्ग आहे. माणूस बाकावर बसलेला, समोर मशीन, आणि आता स्वतःचा आकडा कळणार म्हणून कान टवकारलेले. मी व्याख्यानं जवळजवळ सोडली ती यासाठीच. या पाच मिनिटांत मी एकच गोष्ट सांगते: वाढलेला बीपी दुखत नाही. डोकं दुखलं की बीपी वाढला आणि बरं वाटलं की उतरला, हा समज सगळ्यात जास्त माणसं मारतो असं माझं मत आहे.

पुढच्या फेऱ्यांत गोळ्यांचे प्रश्न येतील. 'एकदा लागली की सुटत नाही', 'सवय लागते', 'बरं वाटलं म्हणून बंद केली.' उत्तर खरं द्या. होय, बहुतेकांना ती कायम घ्यावी लागते. ती नशेची सवय नव्हे. बीपी नॉर्मल आलाय तो गोळी चालू आहे म्हणून. आणि त्रासाबद्दल तुम्हीच आधी विचारा. काही गोळ्यांनी पायांवर सूज येते, काहींनी कोरडा खोकला लागतो, काहींनी उठताना चक्कर येते. पुरुषांना लैंगिक तक्रार असली तर ती बोलून दाखवत नाहीत, गोळी मात्र गुपचूप बंद करतात. या त्रासांवर गोळी बदलून मिळते, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. 'बंद करायची नाही, बदलून घ्यायची' हे वाक्य मी हजारदा तरी म्हटलं असेन.

राहणीमानाचा सल्ला देताना समोरच्याचा दिवस आधी ऐका. दिवसभर ओझी वाहणाऱ्याला 'रोज अर्धा तास चाला' म्हणणं हा त्याचा अपमान आहे. मिठाबद्दल बोलायचं तर ज्यांच्या हातात स्वयंपाक आहे त्यांच्याशी बोला, आणि घरातल्या पुरुषांसमोर, म्हणजे पुढे भांडण नको. मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरे. जगात सरासरी त्याच्या दुप्पट खाल्लं जातं. महिन्याला घरात मिठाची किती पाकिटं लागतात आणि खाणारी तोंडं किती, एवढा हिशोब त्यांच्याकडूनच करून घ्या. चीनच्या ६०० गावांतल्या अभ्यासात ज्या निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी चौथाई पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं, तिथे जवळपास पाच वर्षांत पक्षाघात इतर गावांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी झाले, हे २०२१ साली दिसून आलं. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते मीठ धोक्याचं ठरू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाटू नका.

तंबाखू सोडायला सांगताना भीती घालू नका, मुदत सांगा: धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो. लोकांना हे पटतं, कारण वर्ष डोळ्यांपुढे येतं.

दाटीवाटीच्या वस्तीत आणखी एक गोष्ट विसरू नका, जी हृदयविकाराच्या पत्रकांवर सहसा नसते. लहान मुलांचा घसा जिवाणूमुळे दुखला आणि उपचार झाले नाहीत, तर काहींना सांध्यांचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. हा आजार गरिबीचा, कोंदट घरांचा आहे. मुलाला ताप आणि घसादुखी असेल तर दाखवून घ्या, आणि ज्या मुलाला पेनिसिलिनचं इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी घ्यायला सांगितलंय त्याचं एकही चुकू देऊ नका. आमच्या वहीत अशा मुलांचं पान वेगळं आहे.

आणि एक फेरी फक्त छातीत दुखण्यावर घ्या. छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम. बायकांत, म्हाताऱ्यांत आणि मधुमेह्यांत नुसती धाप, मळमळ किंवा एकाएकी गळाल्यासारखं वाटणं, एवढंच असू शकतं. 'पित्त झालंय' म्हणून रात्र काढली जाते आणि तेवढ्यात हृदयाचा स्नायू मरतो. या फेरीत कोरडी माहिती नको. मध्यरात्री कुणाला फोन करायचा, गाडी कुणाची, कुठल्या रुग्णालयात जायचं, ही नावं त्या घरातच ठरवून दारामागे लिहून घ्या.

शेवटचं, हिशोबाबद्दल. किती जण आले, किती पत्रकं वाटली, हे मोजू नका. जाड पुठ्ठ्याची एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: जास्त सापडले किती, त्यांतले दवाखान्यात पोहोचले किती, सहा महिन्यांनी १४०/९०च्या खाली किती. दुसऱ्या रकान्यात आकडा अडकला तर दवाखान्याची वेळ किंवा अंतर बघा. तिसऱ्यात अडकला तर गोळ्या का सुटतात ते घरी जाऊन विचारा. सुरुवातीला पन्नास घरंच घ्या. तुम्ही सहा जण आहात, पन्नास घरं नीट सांभाळता येतील.