वजन जास्त आहे, चौथा महिना चालू आहे, शुगर होऊ नये म्हणून प्रोबायोटिक (चांगल्या बॅक्टेरियाची) कॅप्सूल घेऊ का?

नको, डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली नसेल तर मनाने कॅप्सूल सुरू करू नका, त्यापेक्षा ताटातला फायबर वाढवा. मी पुण्यात डाएटिशियन आहे, हा प्रश्न सारखा येतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जास्त वजनाच्या ४११ गरोदर बायकांवर ट्रायल झाली, २०१९ मध्ये रिझल्ट आला, प्रोबायोटिकने प्रेग्नन्सीतली शुगर टळली नाही, आणि २०२१ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (यात अनेक ट्रायल एकत्र तपासतात) तर अशा कॅप्सूलने प्रीएक्लाम्पसियाचा म्हणजे बीपी वाढण्याच्या त्रासाचा धोका वाढलेला दिसला, म्हणून मी एवढं ठामपणे नको म्हणतेय. फायबरचं काम वेगळं असतं, तो आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया तो आंबवून ब्युटिरेटसारखी फॅटी ॲसिड्स तयार करतात, त्याने आतड्याचं अस्तर चांगलं राहतं आणि इन्सुलिनलाही मदत होते असं दिसतंय. गरोदरपणात दिवसाला साधारण २८ ग्रॅम फायबर लागतो. मैद्याचं कमी करून ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी नाहीतर चवळीची उसळ, मंडईत मिळेल ती पालेभाजी, अख्खा पेरू (ज्यूस नको) एवढ्यावर बराचसा होतो, फक्त हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या नाहीतर पोट फुगतं. घरचं दही-ताक खुशाल घ्या, ते या कॅप्सूलमध्ये धरू नका. एक मात्र आहे, फायबर खाल्ला म्हणजे शुगर होणारच नाही असं नाही, त्यामुळे ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट डॉक्टर सांगतील तेव्हा कराच, पहिली नॉर्मल आली असली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत.